प्लिनीचा हिशेब आणि तेरचे कापड

भारत दरवर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो, ही रोमन लेखक प्लिनीची तक्रार इतिहासाच्या गाइडात हमखास भेटते. नांदेड-लातूरचा विद्यार्थी ती पाठ करतो, परीक्षेत उतरवतो. मूळ ग्रंथ इंग्रजीत सहज मिळतो. तो वर्गात उघडला जायला हवा. लॅटिन येत नाही म्हणून अडून बसण्याचे कारण नाही.

कारण त्या पैशाची वाट आपल्या शेजारून जात होती. लातूरलगतच्या धाराशिव जिल्ह्यातले, गोरोबाकाकांचे तेर म्हणजेच जुने तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी पुस्तिकेत ते पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर सांगितले आहे. तिथले जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचला जाई. मॅक्रिंडलने 1879 मध्ये ‘पेरिप्लस’चे इंग्रजी भाषांतर केले, तेव्हा तगर नेमके कुठले याचाच वाद होता. कुणी देवगिरी म्हणे, कुणी जुन्नर. तगर म्हणजे तेर, हे फ्लीटने 1901 मध्ये मांडले. म्हणून भाषांतर हाती घेताना आधी साल पाहावे. जुनी भाषांतरे फुकट मिळतात, पण शिळ्या झालेल्या टीपाही त्यांच्यातच असतात.

प्लिनीचा आकडाही सलग वाचला की वेगळा दिसतो. सहाव्या खंडात एकट्या भारताचे पाच कोटी आहेत. बाराव्यात भारत, चीन आणि अरबस्तान मिळून दहा कोटी, आणि तिथे रोमच्या चैनीवरचा राग उघड आहे. रोमन इतिहासकार टॅसिटसच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडातही सम्राट टायबेरियस एका पत्रात तेच म्हणतो: स्त्रियांच्या रत्नांपायी आपला पैसा परक्यांच्या घरी जातो. हे पत्र इ.स. 22 चे, आणि टॅसिटस लिहितो जवळपास शंभर वर्षांनी. सम्राट क्लॉडियसचे एक भाषण लिऑनच्या कांस्यपटावर कोरलेले सापडले आहे. त्याच भाषणाचा टॅसिटसचा पाठ शेजारी ठेवला की त्याने ते किती नव्याने रचले हे कळते. भाषांतर कितीही चोख असले तरी ते टॅसिटसचे शब्द देते. ते टायबेरियसचेच असतील असे नाही. ही सावधगिरी गाइड शिकवू शकत नाही.

ही सगळी बाजू गिऱ्हाइकाची. तगरच्या विणकरांनी काय मिळवले, गाडीवानांच्या पदरात काय पडले, हे कोणी लिहून ठेवले नाही. त्यासाठी तेरची माती वाचावी लागते. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेला संग्रह तिथल्या शासकीय संग्रहालयात आहे. तेरला सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी जवळचे नाते सांगणारी भारतीय मूर्ती 1938 मध्ये पॉम्पेईत निघाली. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या ज्या उद्रेकात ती राखेखाली गेली, त्यातच प्लिनीही मेला.

नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांनी तेरची सहल काढण्याआधी प्लिनी आणि टॅसिटस यांची ही मोजकी पाने विद्यार्थ्यांकडून वाचून घ्यावीत. त्याला दोन तासिका पुरतात.