मतदाराला सुटी कोणी दिली?

निवडणूक आली की महानगरांतील मतदारावर टीकेची झोड उठते. एप्रिल 2024 मध्ये बेंगळुरूतील काही हॉटेलांनी बोटावरची शाई दाखवणाऱ्यास मोफत डोसा देऊ केला. तरीही शहराच्या उत्तर, मध्य आणि दक्षिण या तिन्ही लोकसभा मतदारसंघांत मतदान 55 टक्क्यांच्या आतच राहिले. सारा कर्नाटक मात्र 70 टक्क्यांच्या पुढे गेला. मग ठरलेले निदान पुढे आले : सुशिक्षित वर्ग आळशी आहे, जोडून सुटी मिळाली की सहलीला निघतो.

या निदानात काही अंशी तथ्य आहे. ज्याच्या घरी खासगी टँकर येतो, फाटकावर खासगी रखवालदार असतो आणि ज्याची मुले खासगी शाळेत जातात, त्याला लोकप्रतिनिधीची गरज क्वचितच भासते. शहरातील मतदारयाद्यांत घर बदलून गेलेल्यांची नावे वर्षानुवर्षे राहतात, त्यामुळेही टक्का प्रत्यक्षाहून कमी दिसतो. पण ज्या बेंगळुरूकराला आपण दोष देतो, त्याच्या महापालिकेची मुदत सप्टेंबर 2020 मध्येच संपली होती. लोकसभेच्या त्या मतदानाआधी काही आठवडे शहर तीव्र पाणीटंचाईने होरपळत होते आणि जाब विचारण्यासाठी एकही नगरसेवक पदावर नव्हता. प्रभागांची संख्या 198 वरून 243 झाली, मग 225 वर आली. निवडणूक तेवढी झाली नाही.

राज्यघटनेच्या 74व्या दुरुस्तीने या बाबतीत पळवाट ठेवलेली नाही. महापालिकेची मुदत 5 वर्षे आणि ती संपण्यापूर्वी नवी निवडणूक, असे कलम 243-यू सांगते. तरीही प्रभागरचना, आरक्षण, न्यायालयीन दावे अशी कारणे पुढे येतात आणि कारभार प्रशासकाच्या हाती जातो. ही कारणे खोटी नसतात, पण ती सत्ताधाऱ्यांच्या सोयीचीही असतात. आयुक्ताला राज्य सरकार नेमते. निवडून आलेला महापौर उद्या प्रतिस्पर्धी होऊ शकतो. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातील प्रकरणात, अशा कारणांसाठी निवडणुका रोखता येणार नाहीत, असे बजावले. त्यानंतरही मुंबईला जानेवारी 2026 पर्यंत थांबावे लागले. तेथील सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्येच संपली होती.

या रिक्ततेचा परिणाम चेन्नईत सर्वांत ठळकपणे दिसतो. 1688 मध्ये स्थापन झालेली ही देशातील सर्वांत जुनी महापालिका. ऑक्टोबर 2016 मध्ये सभागृहाची मुदत संपत असतानाच मद्रास उच्च न्यायालयाने अनुसूचित जमातींच्या आरक्षणातील त्रुटींवरून निवडणुकीची अधिसूचना रद्द केली. त्यानंतर निवडणूक झाली ती थेट फेब्रुवारी 2022 मध्ये. म्हणजे एक संपूर्ण कार्यकाळ कोऱ्या पाटीसारखा गेला. त्या काळात 2019 मध्ये जलाशय कोरडे पडले, 2020 मध्ये महासाथ आली, नोव्हेंबर 2021 मध्ये रस्ते पाण्याखाली गेले. तिन्ही संकटांत शहराच्या 200 प्रभागांत निवडून आलेला माणूस नव्हता. अखेर मतदान झाले तेव्हा ते 44 टक्क्यांच्याही आत राहिले. 2016 साली 13 वर्षांचा असलेला मुलगा तेव्हा मतदार झाला होता आणि नगरसेवक काय करतो, हे त्याने जाणत्या वयात पाहिलेलेच नव्हते.

टक्का केवळ या खंडामुळे घसरला, असे सिद्ध करता येणार नाही. महानगरे पूर्वीही कमीच मतदान करीत. केरळने डिसेंबर 2020 मध्ये, कोविडच्या काळातही, स्थानिक निवडणुका घेतल्या आणि सुमारे 76 टक्के मतदान झाले, हेही ध्यानात घ्यावे लागेल. तेथील राजकीय जागृती जुनी आहे, हे खरे. पण ती टिकली आहे ती वॉर्डातल्या माणसाला दर 5 वर्षांनी मत मागायला दारात यावेच लागते म्हणून.

मतदान ही सवय आहे आणि ती दिल्लीच्या नव्हे, गल्लीच्या निवडणुकीत लागते. तुंबलेले गटार आपल्या मतामुळे साफ झाले, हा अनुभव ज्याला एकदाही आला नाही, त्याला लोकसभेतील एक मत देशाची दिशा बदलते, हे पटवणे अवघड आहे. निवडणूक आयोगाच्या जागृती मोहिमा, चित्रपट कलावंतांची आवाहने आणि डोशाच्या सवलती यांचा रोख मतदाराकडे असतो. ज्या राज्य सरकारांनी स्थानिक मतपेटी वर्षानुवर्षे कुलूपबंद ठेवली, त्यांना मात्र कोणी आळशी म्हणत नाही.