एकट्या जिवाला काय लागते?

हे वाक्य तुम्ही ऐकले आहे, वाचकहो. कदाचित उच्चारलेही असेल. बायको गेलेल्या म्हाताऱ्याच्या ताटात सकाळची भाकरी आणि चिमूटभर चटणी वाढताना कोणीतरी म्हणते, "एकट्या जिवाला काय लागते?" नवरा गेलेली बाई कालच्या भातात पाणी घालून कालवते, उभ्याउभ्याच चार घास घशाखाली ढकलते, आणि शेजारणीने विचारले तर तीही हेच म्हणते. वाक्य साधे दिसते. त्यात काटकसर आहे, वैराग्य आहे, असे समजून ऐकणारा मान डोलावतो. आमचे म्हणणे असे आहे की, याहून निर्दय वाक्य आपल्या घरांतून बोलले जात नाही, आणि ते हद्दपार केल्यावाचून मागे राहिलेल्या माणसाला माणुसकीने जगता यावयाचे नाही.

मृत्यूनंतरच्या दिवसांकडेच पाहा. अंत्यविधी उरकून माणसे परतली की सोयरेधायरे कडू घास घेऊन येतात. घरची चूल बंद असते, तर शेजारच्या चार चुली तिच्यासाठी पेटतात. ही चाल चांगली आहे. तिच्यात करुणा आहे. पुढे जलदान विधी व पुण्यानुमोदन होते, मांडव पडतो, पंगती उठतात, किती पाने झाली याचा हिशेब होतो. मग मांडव उतरतो, भाड्याची भांडी परत जातात, लेक सासरी जाते, मुलगा नोकरीच्या गावी जातो. त्या संध्याकाळी घरात उरलेले एकटे माणूस डब्यातून पीठ काढू लागते आणि हात थबकतो. किती काढावयाचे? चाळीस वर्षे हाताला चार भाकरींचे माप बसलेले असते. सवयीने चारांचे पीठ मळले जाते, दोन उरतात, त्या दुसऱ्या दिवशी शिळ्या खाल्ल्या जातात. महिन्याभराने चूल एक दिवसाआड पेटू लागते. रात्रीचे जेवण म्हणजे कपभर चहा व दोन बटर, असा क्रम पडतो. मेलेल्याच्या नावाने दोनशे पाने वाढणाऱ्या समाजाने जिवंताच्या या एका पानाची चौकशी महिन्यातून एकदा तरी केली काय?

हे वाक्य आले कोठून, याचा शोध घेतला पाहिजे. मनुस्मृतीचा पाचवा अध्याय उघडा. पती वारल्यावर स्त्रीने फुले, मुळे व फळे यांवर राहून आपला देह झिजवावा, असे तेथे सांगितले आहे. त्याच अध्यायात पत्नी वारलेल्या द्विजासाठी काय सांगितले आहे? त्याने अग्निहोत्राच्या अग्नीने तिचे दहन करावे, पुन्हा विवाह करावा व पुन्हा अग्नी स्थापन करावा. म्हणजे एकीची चूल विझवावयाची आणि दुसऱ्याची चूल पेटती ठेवण्यासाठी नवी बाई आणून द्यावयाची. बाईचे पोट हे पाप, आणि बाप्याचे पोट हे दुसऱ्या कोणा बाईचे कर्तव्य! एकट्या माणसाने स्वतःसाठी शिजवावे व सन्मानाने जेवावे, हा विचार या दोन्ही आज्ञांना ठाऊक नाही.

तो ग्रंथ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळण्यात आला. त्या होळीचा अभिमान आम्ही दरवर्षी सांगतो. पण कागद जळाला तरी त्यातील आज्ञा स्वयंपाकघरात लपून बसली असेल, तर ती तेथून ओढून काढण्याचे काम कोणाचे?

येथे एखादा वाचक म्हणेल, "विधवेला एकभुक्त ठेवणे ही वरच्या जातींची रूढी. आमच्या आज्या-पणज्यांत पाट लावण्याची रीत होती. त्या राबून खात होत्या, त्यांना कोणी उपाशी बसविले नाही." हे बऱ्याच अंशी खरे आहे, आणि म्हणूनच लाज अधिक वाटावयास हवी. दुसऱ्याच्या बांधावर खुरपणी करणारी ती आजी दुपारी पदर पसरून बांधावर बसत होती, भाकरीवर सुकटीची चटणी घेऊन चारचौघींत पोटभर जेवत होती. तिची नात शिकली, पक्क्या घरात आली, आणि तिच्या घरात आजी कोपऱ्यात एकटी, उरलेसुरले खाऊ लागली. ज्यांच्या रूढींनी आम्हाला गावाबाहेर ठेवले, त्यांच्या घरातील सर्वांत वाईट रूढी आम्ही प्रतिष्ठा म्हणून उचलली.

आणखी एक गोष्ट आठवा. मार्च १९२७ मध्ये, त्याच महाडला, बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस व दुसऱ्याचे उष्टे तुकडे खाणे सोडावयास सांगितले. शिळ्यापाक्यावर जगणारा माणूस स्वतःला कमी लेखू लागतो, हे त्यांनी ओळखले होते. पिढ्यान्पिढ्यांची सवय मोडून लोकांनी ते ऐकले. गावाचे शिळे आम्ही नाकारले. मग आमच्याच घरातील शिळे आमच्याच आईच्या, आमच्याच बापाच्या ताटात कोणी वाढले?

चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा अर्थही बाबासाहेबांनी सांगून ठेवला आहे. त्या तळ्याचे पाणी प्यायलो नाही म्हणून आम्ही मेलो नव्हतो. इतरांप्रमाणे आम्हीही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी तेथे जावयाचे होते. हाच न्याय एकट्याच्या ताटाला लावा. चहा व बटर खाऊन माणूस उद्या मरत नाही. पण ज्या दिवशी तो स्वतःसाठी ताट मांडणे सोडतो, त्या दिवशी आपण माणसांच्या हिशेबात नाही हे तो कबूल करतो. ते कबूल करावयास लावणे हीच खरी उपासमार होय.

आता पुरुषांविषयी स्पष्ट बोलू. बायको गेल्यावर आमचा पुरुष लंगडा होतो. गिरणीत दोन-दोन साचे चालविणारे हात, कचेरीत मोठमोठे खर्डे लिहिणारे हात, यांना मूठभर तांदळाला पाणी किती घालावे हे कळत नाही. हे अज्ञान तो लपवीत नाही, उलट मोठेपणाने सांगतो. त्याची किंमत कोण देते? पुष्कळदा ती नात देते. आजोबांची भाकरी टाकावयास म्हणून तिची शाळा आधी सकाळची बुडते, मग कायमची सुटते. नाहीतर एखादी गरीब घरची बाई देते. "घरात भाकरी टाकावयास कोणी नाही" एवढ्याच कारणाने तिच्याशी लग्न लावले जाते. सहचारिणी हवी म्हणून कोणी कोणत्याही वयात विवाह करावा, स्त्रीनेही करावा. आम्ही त्याचे स्वागतच करू. पण स्वयंपाकीण हवी म्हणून विवाह करणे हा त्या बाईचा अपमान आहे, व गेलेल्या पत्नीचाही आहे. कारण इतकी वर्षे ती आपणांस कोण वाटत होती, हे त्यातून उघड होते.

स्त्रियांची गोष्ट उलटी आहे. तिला रांधता येते, जेवता येत नाही. उभा जन्म तिने सासूच्या तोंडाला रुचेल, नवऱ्याला सोसेल, मुलांना आवडेल ते शिजविले आणि सर्वांच्या मागून, भांड्याच्या तळाशी उरले ते खाल्ले. आता खाणारे कोणी नाही, तर तिला शिजविण्याचे कारणच दिसत नाही. तुमच्या आईला विचारून पाहा, "तुला स्वतःला काय आवडते?" पुष्कळ आयांना उत्तर सुचत नाही. तेव्हा पुरुषाने रांधावयास शिकावे आणि बाईने जेवावयास शिकावे, एवढेच आमचे मागणे आहे. दोन्ही शिक्षणे जोडीदार जिवंत असतानाच सुरू झाली पाहिजेत. कारण दोघांपैकी एकाला मागे राहावयाचेच आहे.

कोणी म्हणेल, दुःखात जेवण गोड लागत नाही, त्याला तुम्ही काय करणार? दुःख आम्ही नाकारीत नाही. भगवान बुद्धाच्या धम्माचा आरंभच दुःखाच्या स्वीकारापासून आहे. किसा गोतमीची कथा तुम्हाला ठाऊक आहे. मोहरी तिला घरोघर मिळत होती. मृत्यू न पाहिलेले घर मात्र एकही मिळाले नाही. परंतु त्याच तथागताने देह वाळवून ज्ञान होत नाही हे उरुवेलेला अनुभवाने जाणले आणि सुजाताने दिलेली खीर स्वीकारली. देहदंडाचा मार्ग त्याने तेथे सोडला. प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला घेतली गेली. ती घेणाऱ्याने त्या प्राणिमात्रांतून स्वतःला वगळण्याचे कारण काय?

हे वाक्य सरकारी कचेरीतही बोलले जाते, फक्त तेथे ते आकड्यांत बोलतात. नवरा वारला की शिधापत्रिकेवरून त्याचे नाव कमी होते. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ प्रमाणे प्राधान्य कुटुंबाला दरमहा माणशी ५ किलो धान्य मिळते. म्हणजे एकट्या बाईला ५ किलो. अंत्योदय कुटुंबाला मात्र माणसे कितीही असोत, ३५ किलो मिळते. अंत्योदय योजना डिसेंबर २००० मध्ये सुरू झाली, आणि २००३ साली तिचा विस्तार झाला तेव्हा निर्वाहाचे खात्रीचे साधन नसलेल्या विधवा, साठ वर्षांवरील वृद्ध व आधार नसलेली एकटी माणसे यांचा त्यात स्पष्ट समावेश करण्यात आला. हे किती एकट्या बायांना कोणी सांगितले? त्याच २०१३ च्या कायद्याच्या कलम १३ प्रमाणे घरातील अठरा वर्षांवरील सर्वांत वडील स्त्री ही शिधापत्रिकेपुरती कुटुंबप्रमुख असते. निराधार विधवेला संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून मिळणारे अनुदान २०२३ मध्ये १००० वरून १५०० रुपये करण्यात आले. आणि मुले सांभाळीत नसतील तर आईबापांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आहे. त्यात निर्वाहाची व्याख्या करताना पहिला शब्द अन्न हा घातला आहे. हे सारे हक्क आहेत. ते मागताना मान खाली घालण्याचे कारण नाही, आणि "इष्टांक भरला" एवढ्या उत्तरावर परत फिरण्याचेही कारण नाही. अर्ज लेखी द्यावा व पोच घ्यावी.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांचे कुंकू पुसण्याच्या व बांगड्या फोडण्याच्या प्रथेविरुद्ध ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे म्हणून परिपत्रक काढले. त्या गावाचे अभिनंदन करावे तेवढे थोडे आहे. पण कपाळावरचे कुंकू सर्वांना दिसते, रिकामे ताट कोणाला दिसत नाही. ते पाहण्यासाठी दार ठोठावून आत जावे लागते.

म्हणून, वाचकहो, दार ठोठवा. आपल्या आळीत एकटी जेवणारी माणसे किती, याची यादी विहाराने करावी. जलदान विधीच्या पंगतीतून खर्च वाचवावा व आठवड्यातून एकदा या सर्वांनी विहारात एकत्र रांधून एकत्र जेवावे. त्यात त्यांना पाहुणे म्हणून बसवू नये, हाताशी काम द्यावे. मुलाला दहाव्या वर्षापासून भात, वरण व भाकरी करता आलीच पाहिजे, असा प्रत्येक घराने नियम करावा. आणि लिहितावाचता येणाऱ्या तरुणाने एकेका विधवेची शिधापत्रिका हातात घेऊन तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेत जावे.

शेवटचा शब्द तुमच्यासाठी, ज्यांच्या घरात आज दुसरे ताट मांडले जाणार नाही. वाटीभर तांदूळ घ्या, अर्धी वाटी डाळ घ्या, लसूण ठेचा, मोहरीची फोडणी द्या. पातेल्यातून खाऊ नका. ताट घ्या, त्याला पाट घ्या, आणि बसून जेवा. जो गेला, जी गेली, ते या ताटाने परत येणार नाहीत. पण तुम्ही अद्याप येथे आहात, आणि तुमच्या भुकेला कोणाच्या परवानगीची गरज नाही. उद्या कोणी म्हणालेच, "एकट्या जिवाला काय लागते?" तर त्यांना सांगा: चार जिवांना जे लागते तेच लागते.