विस्तव जपावा, धूर टाळावा

वीज गेली की आपल्या घरात काय होते? दिवा विझतो, पंखा थांबतो, दूरदर्शन संच बंद पडतो. आपण थोडे चिडतो, खिडक्या उघडतो आणि वीज येण्याची वाट पाहतो. पण ज्या प्रदेशात हिवाळ्यात तापमान उणे वीस अंशांपर्यंत उतरते, तेथे वीज जाणे ही केवळ गैरसोय नसते. तो जिवावरचा प्रसंग असतो.

कॅनडा देशातील क्वेबेक प्रांताचे उदाहरण पाहा. तेथे मोठमोठ्या नद्या आहेत. त्यांच्यावर धरणे बांधून भरपूर आणि स्वस्त वीज तयार केली जाते. त्यामुळे तेथील बहुतेक घरे विजेनेच उबदार ठेवतात. ना धूर, ना राख, ना लाकूड फोडण्याचे कष्ट! पण जानेवारी १९९८ मध्ये तेथे अनेक दिवस गोठणारा पाऊस पडला. पावसाचा थेंब तारेवर पडताच त्याचा बर्फ होई. बर्फाच्या ओझ्याने सुमारे एक हजार पोलादी मनोरे आणि हजारो लाकडी खांब कोसळले. सुमारे १४ लाख ग्राहकांची वीज गेली. काही भागांत तर ती महिनाभर आली नाही. मदतीसाठी सैन्य बोलवावे लागले.

या संकटात कॅनडात पंचवीसहून अधिक माणसे दगावली. काही जण थंडीने गेले. काही जण ऊब मिळवण्याच्या धडपडीत गेले. त्यांनी बंद जागेत जनित्र किंवा उघड्यावर वापरायची शेगडी पेटवली. त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघाला. त्याला रंग नसतो आणि वासही नसतो. माणसाला कळण्याआधीच तो घात करतो. याउलट, ज्यांच्या घरी धुराडे असलेली लाकडाची शेगडी होती, त्यांची घरे उबदार राहिली. अशा घरांत शेजारीपाजारीही आसऱ्याला आले.

यावरून कोणी म्हणेल, 'मग प्रत्येकाने रोज लाकूडच जाळावे!' हा विचार बरोबर नाही. संकटानंतर मॉन्ट्रिआल शहरात अनेकांनी लाकडाच्या शेगड्या बसवल्या. त्यांतील पुष्कळ शेगड्या संकट नसतानाही पेटू लागल्या. हिवाळ्याच्या संध्याकाळी शहरावर धूर साचू लागला. या धुरात अतिशय बारीक कण असतात. ते श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर जातात. दमेकरी, लहान मुले आणि वृद्ध यांना त्यांचा फार त्रास होतो. एकाच्या घरची ऊब शेजाऱ्याच्या छातीत खोकला होऊन शिरावी, हे योग्य आहे का?

येथे नव्या तंत्राचा उपयोग होतो. आधी एक गोष्ट लक्षात घ्या. धूर म्हणजे बहुतांशी न जळलेले इंधनच होय. जुन्या शेगडीत लाकूड तापते, त्यातून वायू निघतात आणि ते न जळताच धुराड्यातून बाहेर जातात. म्हणजे हवा बिघडते आणि उष्णताही वाया जाते. नव्या शेगडीची पेटी चारही बाजूंनी बंद असते. तिला काचेचे दार असते. आतून उष्णता धरून ठेवणाऱ्या विटा लावलेल्या असतात. पेटीच्या वरच्या भागात बारीक छिद्रांच्या नळ्या असतात. त्यांतून तापलेली हवा आत येते आणि वर जाणारा धूर तेथेच पेट घेतो. दुसऱ्या प्रकारच्या शेगडीत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी एक जाळी असते. तिच्यावर प्लॅटिनम किंवा पॅलेडियम या धातूंचा लेप असतो. त्यामुळे धूर कमी तापमानावरही जळतो. अमेरिकेत १९८८ च्या नियमाप्रमाणे साध्या शेगडीतून तासाला साडेसात ग्रॅमपर्यंत कण बाहेर पडले तरी चालत असे. २०२० पासून नव्या शेगडीसाठी ही मर्यादा सुमारे दोन ग्रॅमवर आणली आहे.

अशा शेगडीला विजेची गरज नसते. लाकडाच्या भुशाच्या गोळ्या जाळणाऱ्या शेगड्याही मिळतात. त्या स्वच्छ जळतात. पण त्यांचा पंखा आणि गोळ्या ढकलणारे यंत्र विजेवर चालते. वीज गेली की त्याही थांबतात. म्हणून अडीअडचणीसाठी साधी लाकडाची शेगडीच भरवशाची, असे माझे मत आहे.

मात्र शेगडी कितीही चांगली असली, तरी सरपण ओले असेल तर ती धुरणारच. पावसाळ्यात ओल्या लाकडाने चूल किंवा पाण्याचा बंब पेटवताना डोळ्यांना कसे पाणी येते, हे आपल्याकडे खेड्यांत सर्वांना ठाऊक आहे. ताज्या तोडलेल्या लाकडाचे जवळजवळ अर्धे वजन पाण्याचेच असू शकते. ते फोडून, रचून, वरून झाकून आणि बाजूंनी वारा लागेल असे ठेवून निदान सहा महिने ते वर्षभर वाळवावे लागते. तहान लागल्यावर विहीर खोदून चालत नाही. धुराडेही दरवर्षी साफ करावे लागते, नाहीतर आत साचलेली काजळी पेट घेते.

मॉन्ट्रिआलने काढलेला मार्ग मला न्याय्य वाटतो. १ ऑक्टोबर २०१८ पासून तेथे तासाला अडीच ग्रॅमपेक्षा अधिक कण सोडणारी शेगडी पेटवता येत नाही. हवा फार बिघडल्याचा इशारा दिलेला असेल, तर चांगली शेगडीही बंद ठेवावी लागते. पण वीज तीन तासांपेक्षा जास्त वेळ गेली, तर जुनी शेगडीही पेटवण्याची परवानगी आहे. ज्या गरिबाला नवी शेगडी परवडत नाही, त्याने थंडीत कुडकुडावे, असे हा कायदा म्हणत नाही. तो एरवी सर्वांची हवा जपतो आणि संकटात माणसाचा जीव जपतो. एप्रिल २०२३ मध्ये क्वेबेकमध्ये पुन्हा गोठणारा पाऊस आला आणि सुमारे दहा लाख ग्राहकांची वीज गेली. तेव्हा अशा सवलतीची गरज किती खरी आहे, हे सर्वांना दिसले.

नवे साधन आले म्हणून जुने सारेच फेकून द्यावे, असे नाही. जुने आहे म्हणून ते दोषांसह कवटाळावे, असेही नाही. काश्मीरची बुखारी असो, खेड्यातली चूल असो किंवा कॅनडातली शेगडी असो. विस्तव माणसाचा जुना सोबती आहे. त्याचा धूर कमी करणे आपल्या हातात आहे. रोजच्या उबेसाठी वीज वापरावी आणि अडचणीच्या रात्रीसाठी एक चांगली शेगडी व कोरड्या सरपणाची रास तयार ठेवावी, यातच शहाणपण आहे.