विश्लेषण : ‘यासारखेच आणखी’ जपानी संगीत शोधताना मुंबईचा कलाकार कसा निसटतो?

बेसाहून सीताबर्डीकडे निघालेल्या एखाद्या तरुणाच्या हेडफोनमध्ये ‘यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा’ वाजत असते. गाणे संपते आणि अ‍ॅप त्याच धाटणीचे पुढचे गाणे लावते. महिनाभर हे चालते. कान तृप्त होतात, पण एकाही कलाकाराचे नाव लक्षात राहत नाही. याला शोध म्हणायचे का?

अ‍ॅपचे ‘सारखे’ म्हणजे काय?

एक गाणे ऐकणारे लोक आणखी काय ऐकतात, यावर अ‍ॅपचा अंदाज मोठ्या प्रमाणात बेतलेला असतो. त्याचा फायदाही आहे. मिदोरी ताकादा यांचा १९८३ चा ‘थ्रू द लुकिंग ग्लास’ हा अल्बम यूट्यूबच्या शिफारशींमुळेच जगभर पोहोचला आणि २०१७ मध्ये पुन्हा प्रकाशित झाला. मात्र, जे आधीच बरेच जण ऐकतात, तेच अ‍ॅप पुढे सरकवते. जे कुणी ऐकतच नाही, ते त्याला दिसणार कसे?

मग माग कसा काढावा?

श्रेयनामावली वाचून. हारुओमी होसोनो, र्‍युइची साकामोतो आणि युकिहिरो ताकाहाशी यांनी १९७८ मध्ये ‘यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा’ स्थापन केला. त्यांच्या अल्बमवर हिदेकी मात्सुताके हे चौथे नाव दिसते. सिंथेसायझरचे प्रोग्रामिंग त्यांचे. त्यांचा स्वतःचा प्रकल्प ‘लॉजिक सिस्टिम’, तर त्यांचे गुरू इसाओ तोमिता. डेब्युसीच्या रचना सिंथेसायझरवर उतरवणारा तोमिता यांचा अल्बम १९७४ चा. एका नावामागे गेले की अशी परंपराच हाती लागते. आपल्याकडे गायकाचे घराणे विचारतात, तसेच हे.

होसोनोंच्या नावामागे गेले तर १९७८ चा ‘कोचीन मून’ भेटतो. चित्रकार तादानोरी योकोओ यांच्यासोबत केलेल्या भारतप्रवासातून तो सुचला. प्रत्यक्षात नसलेल्या हिंदी चित्रपटाचे हे जणू पार्श्वसंगीत!

मुंबईचा संबंध काय?

माणसांप्रमाणेच यंत्रांचाही माग काढता येतो. ओसाकात १९७२ मध्ये सुरू झालेल्या रोलँड कंपनीने १९८० मध्ये ‘टीआर-८०८’ हे तालयंत्र आणले. ते सुरुवातीला वापरणार्‍यांत ‘यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा’ होता. हेच यंत्र, सोबत रोलँडचेच ‘टीबी-३०३’ आणि ‘ज्युपिटर-८’ घेऊन मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ध्वनिमुद्रित केले. हिंदी चित्रपटसंगीतातील या वादकाने ललत, मालकंस असे दहा राग यंत्राच्या ठेक्यावर बसवले. ‘३०३’च्या अशाच आवाजावर शिकागोत ‘अ‍ॅसिड हाउस’ उभे राहिले, ते त्यानंतर काही वर्षांनी.

तबकडी मात्र खपली नाही. अखेर एडो बाउमन या डच संग्राहकाच्या हाती ती लागली आणि २०१० मध्ये पुन्हा निघाली. उतारवयात सिंग यांना युरोपात मंच मिळाला. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

यातून काय घ्यावे?

जपानचे जुने संगीत आज बेसात ऐकू येते, कारण कुणीतरी ते जपले, नावे नोंदवली, पुन्हा छापले. मुंबईच्या अल्बमसाठी मात्र बाहेरचा माणूस यावा लागला. दोष अ‍ॅपचा नाही. कोणी नोंदच ठेवली नाही तर ते तरी काय सुचवणार? गाणे आवडले की त्यात कोणी वाजवले, कोणत्या वाद्यावर वाजवले, एवढे पाहायला दोन मिनिटे पुरतात. आणि घरच्या माळ्यावर जुन्या तबकड्या असतील, तर रद्दीत देण्याआधी त्यांच्या मागची नावेही एकदा वाचावीत.