मुक्तीचा इतिहास आणि कुळाचे घर

भारत सरकारची फौज १३ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानात शिरली आणि १७ तारखेस निजाम शरण आला, हे आमच्या हिंगोलीकडील शाळकरी पोरासही पाठ आहे. दर साली त्या दिवशी झेंडा लागतो, भाषणे होतात. परंतु वाचकहो, त्या उलथापालथीत आपल्याच पणजोबांच्या घरी काय घडले, हे त्या पोरास विचारून पाहा. ते गप्प बसेल, आणि दोष पोराचा नव्हे.

या लढ्यावर ग्रंथ आहेत. स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणी आहेत, अनंत भालेरावांचा मोठा ग्रंथ आहे. हिंगोली जिल्ह्यातील नांदापूर येथे १९३२ साली जन्मलेल्या नरहर कुरुंदकरांनी 'हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन' लिहिले. या मंडळींचे उपकार आम्ही नाकारीत नाही. ते लिहिते ना तर एवढेही हाती न राहते. परंतु आमचे स्पष्ट मत असे की, या लिखाणाचा ओघ पुढारी, परिषदा, करार आणि तुरुंग यांच्याकडे अधिक आहे. कूळ, सुतार, लोहार, चांभार हे त्यांत येतात ते बहुधा गर्दी म्हणून.

संस्थानाचा शेकडा सुमारे ३० मुलूख जहागिरींत आणि सुमारे १० खुद्द निजामाच्या सर्फेखासात होता. दरबारची भाषा उर्दू. आपल्या नावचा कागद कुळास वाचता येत नसे. वर वेठ होतीच. १९४९ साली जहागिऱ्या खालसा झाल्या, १९५० साली कुळकायदा आला. कुळाच्या दारी खरी राज्यक्रांती आली ती या दोन सालांत. तेव्हा सरकारदप्तरी कोणाचे नाव चढले आणि कायदा कानी पडण्याआधीच कोणास जमिनीवरून काढले, याचा गाववार हिशेब कोणी मांडावा?

दुसरी गोष्ट कडू आहे, पण ती गिळून चालणार नाही. रझाकारांनी गावे लुटली, माणसे मारली. ते सांगितले जाते आणि सांगितलेच पाहिजे. फौज आल्यानंतर ज्यांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता, असे गरीब मुसलमानही मारले गेले. पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार यांच्या समितीने हा आकडा २७ ते ४० हजार धरला. सर्वांत अधिक हानी झालेल्या जिल्ह्यांत आमच्या शेजारचे नांदेड होते. तो अहवाल सरकारने कित्येक वर्षे प्रसिद्ध केला नाही. जो इतिहास अर्धे प्रेत झाकतो, तो कोणाचाच सगा नव्हे.

तेव्हा शेतकरी व कारागीर बंधूंनो, ग्रंथकारांस दोष देऊन थांबू नका. १९४८ साली जी पोरे दहा वर्षांची होती, ती आज नव्वदीकडे झुकली आहेत. घरातल्या म्हातारीजवळ बसा. वेठ कोणाकडे होती, जमीन कशी मिळाली वा गेली, शेजारच्या मुसलमान घराचे काय झाले, हे तिच्याच बोलीत वहीत उतरवा. पेटीतले जुने उर्दू कागद रद्दीत घालू नका. जाणत्याकडून वाचून घ्या. नरसीचे नामदेव जातीचे शिंपी; त्यांचे नाव सुमारे सातशे वर्षे टिकले, कारण लोकांनी ते तोंडी जपले. आपल्या घरचे आपण जपले नाही, तर दुसरा कोण जपणार?