ठिगळाची लाज कशाला?

बहुतेक घरांत सुई-दोरा असतो; परंतु तो हाती घेण्याची सवय मात्र सुटत चालली आहे. सदऱ्याचे बटण तुटले किंवा परकराची शिवण उसवली, की तो कपडा निकामी झाला असे समजून बाजूला टाकण्यात येतो. ठिगळ लावलेला कपडा घालणे म्हणजे आपले दारिद्र्य चारचौघांत मिरवणे, अशी समजूत रूढ झाली आहे. ही समजूत कितपत खरी आहे, याचा विचार व्हावयास हवा.

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावाला लागून वारूळवाडी हे गाव आहे. हा सारा मुलूख ऊस, द्राक्षे आणि टोमॅटो यांच्या शेतीचा. शेतीकाम म्हटले की कपडा फाटावयाचाच. उसाच्या पात्याने बाही ओरबाडते, बाभळीच्या काट्याने धोतर फाटते, द्राक्षबागेतील तारेत पदर अडकतो. परंतु फाटला म्हणून कपडा फेकून देण्याची रीत या भागातील जुन्या घरांत नव्हती. लहान भोकाला रफू व्हावयाचा, मोठ्याला ठिगळ. थोरल्याचा सदरा धाकट्याच्या अंगावर चढावयाचा. घालण्याजोगे न राहिलेले कपडे गोधडीत जावयाचे. वर-खाली जुने लुगडे आणि मध्ये चिंध्यांचे थर घालून, बारीक धावदोऱ्याने शिवलेली ती गोधडी थंडीच्या दिवसांत साऱ्या घराला ऊब देत असे. गोधडीही विरली, की तिच्यातून पायपुसणी आणि फडकी निघत.

ही रीत केवळ गरिबीतून आली, असे म्हणता येत नाही. जुन्नरच्या सभोवतालच्या डोंगरांत, लेण्याद्री, मानमोडी आणि शिवनेरी येथे, बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली प्राचीन लेणी आहेत. भिक्षूने स्वतःजवळ बाळगावयाच्या वस्तू परंपरेने आठच मानल्या आहेत. तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, कमरपट्टा, पाणी गाळण्याचे फडके आणि आठवी वस्तू म्हणजे सुई. ज्याने सर्वस्वाचा त्याग केला, त्यालाही सुई टाकता आली नाही. भिक्षूचे चीवर अखंड कापडाचे नसे. मगध देशातील भाताच्या खाचरांची आखणी पाहून, तसे तुकडे जोडून ते शिवावे, असा नियम होता. म्हणजे जोड ही त्या वस्त्राची उणीव नव्हती. ती त्याची ओळखच होती.

पाली भाषेतील विनयपिटकात एक कथा आहे. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी बुद्धाचा शिष्य आनंद याला पाचशे वस्त्रे दान दिली. एवढी वस्त्रे घेऊन हा व्यापार मांडणार काय, अशी शंका राजाला आली. त्याने आनंदाला गाठून विचारले. ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत अशांना ती वाटू, असे आनंदाने सांगितले. मग जुन्या चीवरांचे काय करणार? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे? गाद्यांच्या खोळी. खोळींच्या पुढे जमिनीवरील बैठका, मग पायपुसणी, मग धूळ झटकण्याची फडकी. आणि फडकीही फाटली, की त्यांचे तुकडे चिखलात मळून त्याने जमीन लिंपू. राजाचे इतके समाधान झाले, की त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. आनंदाची ही पायरी आणि गोधडी शिवणाऱ्या आजीची पायरी यांत फारसा फरक नाही.

पूर्वी कापड मोलाचे होते हे खरे. नाशिकच्या पांडवलेण्यांत सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा, नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने विणकरांच्या एका श्रेणीकडे दोन हजार कार्षापण कायमचे ठेवले आणि त्याच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळावेत, अशी सोय केली. वस्त्रासाठी ठेव ठेवावी लागे, असा तो काळ! पुढे १८५४ साली मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापन झाली आणि यंत्रयुगात कापड स्वस्त होत गेले. मात्र दुकानात मोजलेले पैसे ही कपड्याची सारी किंमत नव्हे. कापसाच्या शेतापासून धरल्यास एका सुती सदऱ्यामागे सुमारे २,७०० लिटर पाणी खर्च होते, असा अंदाज आहे. दिवसाला तीन लिटर पाणी पिणाऱ्या माणसाची ती अडीच वर्षांची तहान होय. खेरीज कापूस वेचणारे, सूत काढणारे, विणणारे आणि शिवणारे अशा कित्येक हातांचे कष्ट त्यात असतात, ते निराळेच.

आजचे पुष्कळसे कपडे तर पॉलिएस्टरचे, म्हणजे खनिज तेलापासून काढलेल्या धाग्याचे असतात. सुती चिंधी मातीत कुजून जाते. ही चिंधी वर्षानुवर्षे तशीच राहते. ओढ्यात टाकली तर प्रवाह तुंबतो. जाळली तर विषारी धूर होतो.

यावर कोणी म्हणेल, की सर्वांनीच जुने कपडे सांधून वापरले, तर विणकरांनी आणि शिंप्यांनी काय खावे? ही शंका रास्त आहे. परंतु टिकाऊ कापडाला योग्य दाम देणारा गिऱ्हाईक विणकराला पोसतो. चार धुण्यांत विटणारा कपडा पडत्या भावात घेणारा नव्हे. दुरुस्तीचे कामही शिंप्याकडेच येते.

सुई हे बायकांचे काम, अशीही एक सबब मुलगे पुढे करतात. ती अगदीच लंगडी आहे. लेण्यांतील भिक्षू पुरुषच होते. गावोगावचे शिंपी पुरुष आहेत. सैनिकालाही आपल्या गणवेशाचे बटण स्वतः लावावे लागते. ज्याचा कपडा, त्याचा टाका, हाच न्याय योग्य होय.

ही विद्या अवघड नाही. शिवण चार बोटे उसवली असेल तोच ती शिवावी. हातभर उसवेपर्यंत थांबू नये. ठिगळ भोकाहून थोडे मोठे कापावे, त्याच्या कडा आत दुमडाव्यात आणि ते धुतलेल्या जुन्या कापडाचेच घ्यावे. कारण कोरे कापड धुतल्यावर आटते आणि भोवतालच्या विरलेल्या कापडाला ओढून फाडते. रफू करताना आधी उभे धागे भरावेत, मग त्यांच्या खालून-वरून आडवे.

संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) चिंध्यांचे वस्त्र पांघरून गावोगाव हिंडले. लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारविल्या; परंतु स्वतःचा वेष बदलला नाही. त्या वेषामुळे त्यांचा मान तिळभरही उणावला नाही. फाटलेला कपडा तसाच अंगावर वागविणे हा आळस आहे, आणि धडधाकट कपडा एका भोकासाठी टाकून देणे ही उधळपट्टी आहे. लाज वाटावयाचीच, तर ती या दोहोंची वाटावी. स्वच्छ धुतलेल्या सदऱ्यावरील नीटस ठिगळाची लाज कोणी का बाळगावी?