औषध स्वस्त झाले, चाचणीचे काय?

जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने कर्करोगावरील तीन औषधांचे सीमाशुल्क रद्द केले. फुफ्फुसाच्या कर्करोगावरील ओसिमर्टिनिब हे त्यांपैकी एक. त्याच वर्षी त्यावरील वस्तू व सेवा करही १२ वरून ५ टक्क्यांवर आला. निर्णय स्वागतार्हच होता. मात्र त्याचा लाभ नेमका कोणाला, हे करकपातीने ठरत नाही. ते ठरते जनुकीय चाचणीने.

गाठीतील पेशींच्या 'ईजीएफआर' या जनुकात विशिष्ट बदल असेल, तरच हे औषध दिले जाते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या २०१३ मधील अभ्यासात फुफ्फुसाच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमा या कर्करोगाच्या ९०७ भारतीय रुग्णांपैकी २३ टक्क्यांत असा बदल आढळला. म्हणजे साधारण चौघांत एक. तो एक कोण, हे एक्स-रे पाहून वा धूम्रपानाच्या सवयीवरून खात्रीने सांगता येत नाही. अंदाज चुकला तर केवळ पैसा वाया जातो असेही नाही. आशियाई रुग्णांवरील 'आयपास' या २००९ मधील अभ्यासात गेफिटिनिब हे याच वर्गातील औषध जनुकीय बदल असलेल्यांना केमोथेरपीपेक्षा सरस ठरले. बदल नसलेल्यांचा आजार मात्र केमोथेरपी घेणाऱ्यांपेक्षा लवकर बळावला.

छत्रपती संभाजीनगरसाठी हा विषय दूरचा नाही. घाटी रुग्णालयाशी संलग्न शासकीय कर्करोग रुग्णालय हे मराठवाड्यातील गरीब रुग्णांचा मोठा आधार आहे. गावाहून रोजगार बुडवून येणाऱ्या रुग्णाला चाचणीचा खर्च आणि अहवालाची प्रतीक्षा, दोन्ही जड जातात. बायोप्सीत पुरेसा तुकडा न मिळाल्यास ती पुन्हा करावी लागते. आजार तोवर थांबत नाही.

चौघांपैकी तिघांचा अहवाल नकारार्थी येणार असेल, तर सरकारी तिजोरीवर हा भार कशाला, असा प्रश्न विचारला जाईल. परंतु नकारार्थी अहवालही निरुपयोगी नसतो. तो महागडे आणि चुकीचे औषध टाळतो. त्यामुळे चाचणी, नमुन्याची ने-आण आणि औषध यांचा विचार सरकारी योजनांनी एकत्रच केला पाहिजे, अहवालालाही मुदत घातली पाहिजे. अन्यथा औषध कितीही स्वस्त झाले, तरी ते ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही.